अख्खा ताफा म्हणजे एक बिंदू

पणजी ते मडगाव किती, हे विचारले तर कुणीही पटकन आकडा सांगेल. पण पहाटे मालिम जेटीवरून सुटलेला ट्रॉलरांचा ताफा दुपारपर्यंत किती सरकला, असे विचारले तर उत्तराआधी उलटा प्रश्न येतो: सरकला म्हणजे काय? चार ट्रॉलर उत्तरेला गेले, दोन आग्वादच्या समोरच घुटमळले, एक खोल समुद्रात दिसेनासा झाला. अशा वेळी अख्ख्या ताफ्याचे अख्ख्या ताफ्यापासूनचे अंतर कसे मोजायचे?

हा प्रश्न गणितात शंभर वर्षांहून अधिक काळ घोळतो आहे, आणि त्याची एकापेक्षा जास्त उत्तरे आहेत. प्रत्येक उत्तरातून एक नवे जग तयार होते. ते जग कितपत शहाण्यासारखे वागते, हा या लेखाचा विषय.

आधी थोडी तयारी. ज्या संचात कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर ठरलेले असते, त्याला मेट्रिक अवकाश म्हणतात. अंतर ऋण नसावे, वेगळ्या बिंदूंमध्ये ते शून्य नसावे, जाताना आणि येताना सारखेच भरावे, आणि वाट वाकडी केल्याने ते कमी होऊ नये, एवढ्याच अटी. आता या अवकाशातले संवृत उपसंच घ्या. संवृत म्हणजे स्वतःच्या कडेला आलेले बिंदू बाहेर न टाकणारे. असा प्रत्येक उपसंच हाच एक बिंदू मानायचा. या ‘बिंदूं’च्या अवकाशाला हायपरस्पेस म्हणतात. ट्रॉलरांचा अख्खा ताफा म्हणजे तिथला एक बिंदू.

रिकामा संच मात्र सहसा बाहेर ठेवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते; समुद्रात एकही ट्रॉलर नसेल तर ‘जवळचा ट्रॉलर किती लांब?’ या प्रश्नाला आकडाच उरत नाही. ही बारीकशी वगळणूक ध्यानात ठेवा, पुढे ती महागात पडणार आहे.

अख्ख्या वस्तूला बिंदू मानण्याची ही चाल गोव्याला परकी नाही. कोसबेन इथे १९०७ मध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत असतात, पण पेशाने ते गणिती होते. १९४३ मध्ये त्यांनी फलनांच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावर निबंध लिहिला. तिथे एक अख्खे फलन हाच एक बिंदू असतो. आपण फलनांऐवजी संच घेणार आहोत, आणि शेवटाकडे संचांचीही फलनेच होणार आहेत.

जवळ म्हणजे किती जवळ

पहिले उत्तर फेलिक्स हाउसडोर्फ यांच्या १९१४ च्या ग्रंथातले. पहिल्या ताफ्यातला प्रत्येक ट्रॉलर घ्या, दुसऱ्या ताफ्यातला त्याच्या सर्वांत जवळचा ट्रॉलर किती लांब आहे ते पाहा, आणि यातले सर्वांत मोठे अंतर टिपून ठेवा. मग हेच दुसऱ्या ताफ्याकडून पहिल्याकडे करा. दोन आकड्यांतला मोठा तो हाउसडोर्फ अंतर. अमर्याद पसरलेल्या संचांमध्ये हा आकडा अनंत होऊ शकतो. तसे झाले तर तो १ वर छाटतात, बाकी काही बिघडत नाही. हे उत्तर कडक आहे. दहापैकी नऊ ट्रॉलर जागचे हलले नाहीत आणि दहावा एकटाच क्षितिजापार गेला, तरी ताफा तेवढा लांब गेला असे ते म्हणते.

दुसरे उत्तर ऑस्ट्रियाचे लेओपोल्ड व्हिएटोरिस यांचे, १९२२ चे. (हे गृहस्थ १८९१ मध्ये जन्मले आणि २००२ मध्ये गेले. ११० वर्षे!) व्हिएटोरिस अंतर मोजतच नाहीत. त्यांची अट दोन कलमी आहे. जुन्या ताफ्यातल्या नेमून दिलेल्या मोजक्या ठिकाणांच्या आसपास नव्या ताफ्याचा निदान एकेक ट्रॉलर सापडला पाहिजे. शिवाय जुन्या ताफ्याभोवती जी हद्द आखाल, तिच्या बाहेर नव्या ताफ्यातले कुणीही जाता कामा नये. हद्द कशीही आखा, दूर जाताना हवी तितकी आवळत न्या. फक्त ती विवृत असावी, म्हणजे आतल्या प्रत्येक बिंदूला थोडी मोकळी जागा मिळावी.

तिसरे उत्तर रॉबर्ट विज्समन या संख्याशास्त्रज्ञाचे, १९६६ चे. इथे समुद्रातल्या प्रत्येक जागी एक माणूस उभा आहे असे समजा. त्याला एकच प्रश्न: तुझ्यापासून सर्वांत जवळचा ट्रॉलर किती अंतरावर आहे? प्रत्येकाचे उत्तर हळूहळू स्थिरावत जाऊन नव्या ताफ्यासाठीच्या उत्तरापाशी पोचले, तर ताफा त्या नव्या ताफ्यापाशी पोचला. दहावा ट्रॉलर क्षितिजापार गेल्यावर कुणाच्याच उत्तरात त्याचा पत्ता राहत नाही, म्हणून विज्समन यांच्या हिशेबात उरलेले नऊ हाच शेवटचा ताफा. व्हिएटोरिस यांच्या हिशेबात मात्र त्याने हद्द ओलांडली, तेव्हा अभिसरण नाही, म्हणजे ताफा त्या नऊंपाशी पोचतच नाही.

मूळ अवकाश कॉम्पॅक्ट असेल, म्हणजे ढोबळपणे बोलायचे तर बिंदूंना निसटून जायला कुठेच वाट नसेल, तर तिन्ही उत्तरे एकच होतात. भांडण सुरू होते ते निसटायला वाट असते तेव्हा.

नॉर्मल असणे म्हणजे काय

कोण कुणाच्या जवळ, याच्या अशा नियमाला टोपॉलॉजी म्हणतात. नियमामागे अंतराचे सूत्र असलेच पाहिजे असे नाही. व्हिएटोरिस यांच्या नियमात तर ते नाहीच. म्हणून पहिला प्रश्न असा: हाच नियम देणारे एखादे अंतर शोधता येईल का? येत असेल तर ती टोपॉलॉजी मेट्रायझेबल.

दुसरा प्रश्न जरा सौम्य आहे. एकमेकांना न छेदणारे दोन संवृत संच दिले, तर त्यांच्याभोवती एकमेकांना न छेदणाऱ्या दोन विवृत हद्दी आखता येतात का? कायम येत असतील तर अवकाश नॉर्मल. मेट्रिक अवकाश नॉर्मल असतोच, आणि कारण एका ओळीचे आहे: पहिल्या संचाला अधिक जवळ असलेले बिंदू एका हद्दीत, दुसऱ्याला अधिक जवळ असलेले दुसऱ्या हद्दीत. पाव्हेल उरिसोन यांनी उलट वाटेचा एक मोठा तुकडा बांधला: नॉर्मल अवकाशातले सगळे परिसर (बिंदूंभोवतीच्या विवृत हद्दी) जर गणनीय, म्हणजे एक, दोन, तीन असे मोजता येतील इतक्या, मूळ परिसरांपासून बनत असतील, तर तो मेट्रायझेबल असतो. हा निकाल १९२५ मध्ये छापून आला, पण तो पाहायला उरिसोन नव्हते. आदल्या वर्षी, वयाच्या २६ व्या वर्षी, फ्रान्सच्या किनाऱ्यावर खवळलेल्या समुद्रात पोहताना ते बुडाले.

ती गणनीयतेची अट काढून घेतली की नॉर्मल आणि मेट्रायझेबल यांच्यात चांगलीच दरी पडते. नॉर्मल असूनही मेट्रायझेबल नसलेले अवकाश ढिगाने आहेत. म्हणूनच हायपरस्पेसमध्ये जे दिसते त्याचे नवल वाटते. तिथे ही दरी जवळजवळ नाहीशी होते: नॉर्मल व्हायचे असेल तर मेट्रायझेबलच व्हावे लागते. हे का, ते दोन छोट्या उदाहरणांत हाताने करून पाहता येते. मला विचाराल तर या विषयातली खरी मजा त्या दोन उदाहरणांत आहे. मोठमोठी प्रमेये नंतर वाचली तरी चालतील.

पहिले उदाहरण: जोड्या

मूळ अवकाश म्हणून १, २, ३, … या नैसर्गिक संख्या घ्या, आणि कोणत्याही दोन वेगळ्या संख्यांमधले अंतर १ माना. इथे प्रत्येक उपसंच संवृत आणि विवृतही. म्हणजे नैसर्गिक संख्यांचा प्रत्येक अरिक्त उपसंच हा हायपरस्पेसचा बिंदू.

व्हिएटोरिस यांचा नियम इथे फारच सोपा होतो. अ हा संच घ्या. त्याची हद्द म्हणून खुद्द अ लाच धरता येते, कारण तो विवृत आहे. नेमलेली ठिकाणे म्हणजे अ मधल्या काही मोजक्या संख्या. म्हणून अ चा परिसर म्हणजे त्या मोजक्या संख्या ज्यांत आहेतच, आणि अ च्या बाहेरचे ज्यांत काहीच नाही, असे सगळे संच.

आता नैसर्गिक संख्यांच्या जोड्या लावा: १ आणि २, ३ आणि ४, ५ आणि ६, असे पुढे. प्रत्येक जोडीतली नेमकी एकच संख्या घेऊन बनलेल्या संचाला निवडसंच म्हणू. उदाहरणार्थ १, ४, ५, ८, … किंवा सगळ्या विषम संख्या. प्रत्येक जोडीपाशी ‘ही की ती’ असा एक निर्णय, म्हणून निवडसंच तितकेच आहेत जितके नैसर्गिक संख्यांचे उपसंच आहेत. अगणनीय.

हे निवडसंच हायपरस्पेसमध्ये एकमेकांपासून पूर्ण तुटलेले आहेत. एका निवडसंचाच्या परिसरात दुसरा निवडसंच येऊच शकत नाही, कारण तो यायचा तर पहिल्याच्या आत मावला पाहिजे, आणि वेगळा निवडसंच दुसऱ्याच्या आत मावत नाही. जो निवडसंच नाही, असा संच तरी त्यांच्या गर्दीला चिकटलेला असेल का? नाही. त्याच्याकडे एखादी जोडी पूर्ण असेल, तर त्या दोन्ही संख्या ‘नेमलेली ठिकाणे’ करा. असा परिसर कुठल्याच निवडसंचाला आत घेत नाही. एखादी जोडी पूर्ण गायब असेल तर त्याच्या आतला कोणताही संच त्या जोडीपाशी रिकामाच. म्हणून निवडसंचांचा कोणताही गट घेतला, तरी तो संवृतच.

दुसरीकडे, सांत संच, म्हणजे मोजक्या संख्यांचे संच, गणनीयच आहेत आणि ते सगळीकडे पोचलेले आहेत. कोणताही परिसर घ्या, त्यातल्या नेमलेल्या संख्यांचाच एक सांत संच त्या परिसरात बसतो.

आता समजा हा हायपरस्पेस नॉर्मल आहे. निवडसंचांचा कोणताही एक गट घ्या. तो गट आणि उरलेले निवडसंच हे दोन्ही संवृत, म्हणून त्यांच्याभोवती न छेदणाऱ्या दोन हद्दी आखता येतील. पहिल्या हद्दीत कोणकोणते सांत संच पडले त्यांची यादी करा. ही त्या गटाची सही. दोन वेगळ्या गटांच्या सह्या वेगळ्याच निघतात. एका गटात असलेला आणि दुसऱ्यात नसलेला निवडसंच घ्या. तो पहिल्या गटाच्या हद्दीत आहे आणि दुसऱ्या गटाच्या विरुद्ध बाजूच्या हद्दीतही आहे. या दोन हद्दींच्या सामाईक भागात एखादा सांत संच सापडतोच, आणि तो पहिल्या सहीत असतो, दुसऱ्या सहीत नसतो.

म्हणजे निवडसंचांच्या गटांइतक्या निरनिराळ्या सह्या हव्यात. पण सही म्हणजे गणनीय यादीतला एक उपसंच, आणि असे उपसंच निवडसंचांइतकेच आहेत. निवडसंचांचे गट निवडसंचांहून जास्त नाहीत, असा याचा अर्थ झाला. कॅन्टर यांनी १८९१ मध्येच दाखवून दिले होते की कोणत्याही संचाचे उपसंच त्याच्या घटकांहून जास्तच असतात. संपले. हायपरस्पेस नॉर्मल नाही.

सह्यांची ही युक्ती बर्टन जोन्स यांची, १९३७ ची. आणि वरच्या उदाहरणातच मेट्रिक अवकाशांचा सगळा निकाल दडलेला आहे. जो मेट्रिक अवकाश कॉम्पॅक्ट नाही, त्यात कुठेच न साठणारी बिंदूंची एक अनंत रांग सापडते. ती रांग म्हणजे टोपॉलॉजीच्या दृष्टीने नैसर्गिक संख्याच. तिच्या उपसंचांचा हायपरस्पेस मोठ्या हायपरस्पेसमध्ये संवृत बसतो, आणि नॉर्मल अवकाशाचा संवृत भाग नॉर्मल असावाच लागतो. म्हणून मेट्रिक अवकाशासाठी व्हिएटोरिस टोपॉलॉजी नॉर्मल असणे, मेट्रायझेबल असणे आणि मूळ अवकाश कॉम्पॅक्ट असणे या तिन्ही गोष्टी एकच. मूळ अवकाशाला मेट्रिक नसेल तर मात्र प्रकरण अवघड आहे. इव्हानोव्हा यांनी १९५५ मध्ये तुटलेल्या बिंदूंच्या अवकाशापासून सुरुवात केली, कीस्लिंग यांनी १९७० मध्ये सातत्य गृहीतकाचा (नैसर्गिक संख्यांची अनंतता आणि त्यांच्या उपसंचांची अनंतता यांच्या मधे तिसरी अनंतता नाही, या गृहीतकाचा) आधार घेऊन नॉर्मल आणि कॉम्पॅक्ट एकच असल्याचे सिद्ध केले, आणि वेलिच्को यांनी १९७५ मध्ये तो आधारही काढून टाकला.

दुसरे उदाहरण: रिकाम्या संचाचे भोक

त्याच नैसर्गिक संख्यांवर विज्समन यांचा नियम लावला तर चित्र पालटते. प्रत्येक संख्येपाशी उभ्या माणसाचे उत्तर ० किंवा १ एवढेच: मी संचात आहे, किंवा नाही. म्हणजे हायपरस्पेस म्हणजे शून्य-एकच्या अनंत क्रमिकांचा संच, त्यातून सगळ्यांनी ‘मी नाही’ म्हणायचे ते एकच उत्तर, म्हणजे रिकामा संच, वगळलेला. हा अवकाश सुखाने मेट्रायझेबल आहे.

आता नैसर्गिक संख्यांबरोबर अगणनीय इतके आणखी बिंदू टाका; त्यांना तारे म्हणू. अंतरे तीच, वेगळे असाल तर १. एकच संख्या असलेल्या संचांचा गट घ्या, आणि एकच तारा असलेल्या संचांचा दुसरा गट. दोन्ही गट संवृत आहेत. ते एकाच ठिकाणी साठू शकले असते, रिकाम्या संचापाशी, आणि तो तर आपण बाहेर ठेवला आहे.

या दोन गटांभोवती हद्दी आखायला जा. समजा एकट्या ५ चा संच पहिल्या हद्दीत आहे. त्याचा परिसर फक्त मोजक्या माणसांची उत्तरे पक्की करतो, म्हणून मोजके तारे सोडले तर बाकी कोणताही तारा ५ बरोबर घातला तरी तो दोघांचा संच पहिल्या हद्दीतच राहतो. हे प्रत्येक संख्येसाठी. प्रत्येक संख्येमागे मोजकेच तारे बाद होतात, तेव्हा एकूण बाद झालेले तारे गणनीय. पण तारे अगणनीय आहेत, म्हणजे एक तरी तारा असा उरतो की तो कोणत्याही संख्येबरोबर घातला तरी ती जोडी पहिल्या हद्दीत. आता याच ताऱ्याचा एकट्याचा संच दुसऱ्या हद्दीत आहे, आणि त्याचाही परिसर मोजक्याच माणसांना बांधून घालतो. म्हणून मोजक्या संख्या सोडून बाकी कोणतीही संख्या त्याच्या जोडीला दिली तरी जोडी दुसऱ्या हद्दीतही. हद्दी एकमेकींत घुसल्याच. नॉर्मल नाही.

पहिल्या उदाहरणात नॉर्मलपणा गर्दीमुळे मोडला, इथे एका भोकामुळे. रिकामा संच आत घेतला असता तर हा अवकाश कॉम्पॅक्ट झाला असता आणि नॉर्मलही. फेल यांच्या १९६२ च्या टोपॉलॉजीत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. त्यांचा नियम व्हिएटोरिस यांच्यासारखाच, फक्त हद्दीची अट शिथिल: एखादा ठरावीक कॉम्पॅक्ट भाग टाळा, एवढेच ती सांगते. आपल्या तारे-संख्यांच्या अवकाशात कॉम्पॅक्ट म्हणजे सांत, म्हणून तिथे फेल आणि विज्समन एकच. होला, लेव्ही आणि पेलांत यांनी १९९९ मध्ये दाखवले की फेल टोपॉलॉजी नॉर्मल असते ती नेमकी मूळ अवकाश स्थानिक पातळीवर कॉम्पॅक्ट (प्रत्येक बिंदूभोवती एखादा कॉम्पॅक्ट परिसर असलेला) आणि लिंडेलॉफ असेल तेव्हा. मेट्रिक अवकाशासाठी लिंडेलॉफ म्हणजे सेपरेबल: गणनीय इतके बिंदू असे वेचता येतात की बाकी प्रत्येक बिंदू त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हवा तितका जवळ असतो. आणि तसे असले की फेल टोपॉलॉजी मेट्रायझेबलही होते. दरी पुन्हा नाहीशी.

विज्समन यांच्यापाशी अडते कुठे

विज्समन टोपॉलॉजीचा मेट्रायझेबल असण्याचा प्रश्न लेचिकी आणि लेव्ही यांनी १९८७ मध्ये सोडवला: मूळ अवकाश सेपरेबल असेल तरच, आणि असेल तर नक्की. सेपरेबल असताना अंतर कसे बनते ते सहज कळते. नकाशावर प्रत्येक जागी माणूस उभा करण्याची गरज नाही. अक्षांश आणि रेखांश दोन्ही परिमेय असलेल्या जागा पुरेत, आणि त्या गणनीय आहेत. प्रत्येक माणसाने दोन ताफ्यांसाठी दिलेल्या उत्तरांतला फरक घ्या, तो १ पेक्षा मोठा असेल तर १ धरा, पहिल्या माणसाच्या फरकाला अर्ध्याने गुणा, दुसऱ्याच्या पावाने, तिसऱ्याच्या आठव्या भागाने, आणि सगळे मिळवा. शेजारी उभ्या दोन माणसांची उत्तरे त्यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त वेगळी असूच शकत नाहीत, म्हणून मधल्या जागा न विचारताही सांभाळल्या जातात. संचाचे इथे फलन झाले आहे: जागा द्या, अंतर घ्या.

राहता राहिला नॉर्मलपणा. दि माइओ आणि मेकारिएलो यांनी १९९८ मध्ये विचारले की विज्समन टोपॉलॉजी नॉर्मल असली की ती मेट्रायझेबल असतेच का. व्हिएटोरिस आणि फेल यांच्याकडे पाहिले तर ‘हो’ म्हणावेसे वाटते. नॉर्म असलेल्या, म्हणजे प्रत्येक सदिशाची लांबी ठरलेली असलेल्या, सदिश अवकाशांसाठी होला आणि नोव्होत्नी यांनी ‘हो’ सिद्ध केले. हायपरस्पेसचा प्रत्येक उपअवकाशही नॉर्मल असावा अशी जास्तीची अट घातली, तर त्साओ आणि युन्निला यांनी तेही ‘हो’ असल्याचे दाखवले.

सर्वसाधारण अवकाशात वरची तारे-संख्यांची युक्ती जशीच्या तशी चालत नाही. तिथे माणसांची उत्तरे ० किंवा १ होती, म्हणून एखादा बिंदू संचात टाकला तर त्या बिंदूपाशी उभ्या माणसाशिवाय कुणालाच पत्ता लागत नव्हता. अंतरे कमीजास्त असली की टाकलेला एक तारा आसपासच्या शेकडो जणांची उत्तरे एकदम हलवतो, कधी अगणनीय जणांची. ‘मोजके सोडून बाकी सगळे’ हे वाक्य, ज्यावर दोन्ही हद्दी एकमेकींत घुसल्या, तेच लिहिता येत नाही. त्यात विज्समन टोपॉलॉजी मेट्रिकची गुलाम आहे: मूळ अवकाशात जवळ-लांबचा नियम तोच ठेवून नुसते अंतराचे सूत्र बदलले, तरी हायपरस्पेसची टोपॉलॉजी बदलू शकते. म्हणून एका अवकाशाचे उत्तर देऊन भागत नाही, त्यावरच्या प्रत्येक मेट्रिकचे वेगळे द्यावे लागते.